पाकिटाची मागची बाजू

"ताई, घ्यायचंय का नुसतं वाचायचंय?"

बन्सीशेठनी हे इतक्या मोठ्यानं विचारलं, की दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. संस्कृतीच्या हातात शेवेचं पाकीट होतं... आणि ते नेहमीप्रमाणे उलटं होतं. पुढच्या बाजूला काय चित्र आहे, कुठली नटी हसते आहे, हे तिला कधी ठाऊकच नसे. तिची नजर थेट मागे जायची, मुंगीएवढ्या अक्षरांकडे.

"वाचून झालं की घेते, शेठ."

"आन दादा, तुमी?"

हे दुसऱ्या कुणाला तरी होतं. संस्कृतीनं शेजारी पाहिलं. एक उंच, सावळा तरुण बिस्किटांचा पुडा डोळ्यांजवळ धरून उभा होता. तोही उलटाच! थंडीमुळे त्यानं मफलर कानावरून गुंडाळला होता, आणि आकडे पुटपुटताना त्याचे ओठ लहान मुलासारखे हलत होते.

"मी पण वाचतोय," तो म्हणाला.

"वाचनालयच काढतो आता हितं. वर्गणी लावतो दोघांना!"

दुकान हसलं. तो तरुणही हसला, आणि मग जरा संकोचून संस्कृतीकडे वळला. "अहो... एक विचारू का? हे सोडियम लिहिलंय, ते मीठच ना?"

"मीठ नाही. मिठातला एक भाग. त्याला अडीचनं गुणा, म्हणजे मीठ किती ते कळेल."

त्यानं डोळे मिटून हिशेब केला. "तीनशे ऐंशी... अडीचनं... साडेनऊशे मिलिग्रॅम? म्हणजे शंभर ग्रॅमला जवळजवळ एक ग्रॅम! पण हे तर गोड बिस्कीट आहे हो."

"म्हणून तर गोड बोलणाऱ्यांवर एकदम विश्वास ठेवू नये."

"बरं," तो गंभीरपणे म्हणाला, "मग मी कडूच बोलत जाईन."

संस्कृतीनं शेव परत ठेवली, खजूर घेतला आणि घाईघाईनं बाहेर पडली. हसू दिसू नये म्हणून.

बाहेर मात्र घाई चालेना. उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि राहुरीचा तो रस्ता ओलांडणं कठीण झालं होतं. हवेत मळीचा आंबूस वास होता. दुकानाच्या कडेला पेरूची गाडी उभी होती. पाठीमागून मफलरवाला आला, तोही थांबला. दोघं ट्रॉल्या बघत राहिले. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण दुसरीकडे कुठे बघावं ते दोघांनाही कळत नव्हतं.

"पेरू खाणार?" अखेर त्यानं विचारलं.

पेरूवाल्यानं चार फोडी केल्या, तिखट-मिठाचा डबा उघडला. "माझ्यावर नको," संस्कृती म्हणाली.

"मिठाशी भांडण आहे का?"

"भांडण कशाला? दिवसभर तेच मोजते. मी इथल्या प्रयोगशाळेत काम करते. खायच्या वस्तू तपासतो आम्ही. आकडे बघून बघून हात आपोआप आखडतो."

तो क्षणभर काहीतरी बोलणार होता... पण थांबला. ओठांवर आलेलं त्यानं पेरूच्या फोडीबरोबर गिळून टाकलं, असं तिला वाटलं.

त्याचं नाव हर्षल. बेलापूरचा. चाकणला एका कंपनीत होता. सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून आला आणि आत्याच्या घरगुती मालाच्या धंद्यात पडला.

"कसला माल?"

"तो जमला की सांगेन." तो जरा ओशाळला. "पुण्यातलं एक दुकान आहे. त्यांनी महिनाअखेरपर्यंत माल पसंत केला, तर मी इथंच राहणार. नाही तर चाकणचे साहेब परत बोलावतायत, आणि आमचे आबासाहेब तर बॅग भरूनच बसलेत. वडील माझे. त्यांच्या मते चांगली नोकरी सोडून बायकांच्यात मसाले निवडत बसणारा मुलगा म्हणजे..."

"म्हणजे?"

"ते तुमच्यासमोर नाही सांगत."

ट्रॉल्या केव्हाच निघून गेल्या होत्या. रस्ता मोकळा होता, आणि तरी दोघं तिथंच उभे होते.

मग हर्षलला राहुरीत फार कामं निघू लागली. कधी छपाईवाल्याकडे, कधी बरण्या बघायला. संध्याकाळी प्रयोगशाळा सुटायच्या वेळेला तो नेमका पेरूच्या गाडीपाशी असायचा. पेरूवाला न सांगता एक पेरू तिखट-मिठाचा आणि एक कोरा कापून ठेवायचा. हर्षल रोज एक नवं पाकीट घेऊन येई आणि परीक्षेला बसल्यासारखा उभा राही.

"हे लोणचं. एका जेवणात किती खाणार माणूस? ते 'एका वेळेला' म्हणून पंधराच ग्रॅम लिहितात."

"तुम्ही किती खाता?"

"मी? मी बरणी संपवतो."

"मग तुमच्यासाठी वेगळं लेबल छापावं लागेल. 'हर्षलरावांनी दूर राहावे.'"

"असं लिहिलेलं मी कुठलंच पाकीट मानत नाही," तो म्हणाला, आणि असं काही बघितलं, की संस्कृतीला पेरूतल्या बिया मोजाव्याशा वाटल्या.

सुट्टीला पुणतांब्याला घरी गेली, की आई विचारायची, "काय गं, आजकाल फोन सारखा का बघतेस?" ती म्हणायची, "काही नाही." पण मनात तिनं महिनाअखेर कधीच मोजायला घेतली होती. पुण्याच्या दुकानाला त्याचा माल पसंत पडू दे, असं ती देवाला सांगे. त्याच्यासाठी म्हणून. स्वतःसाठी मागायला तिला लाज वाटायची.

आणि मग ती संध्याकाळ आली.

त्या दिवशी ती खुशीत होती. गाडीपाशी येता येताच बोलायला लागली. "आज काय झालं सांगू? नावं आम्हाला कळत नाहीत, नमुन्यावर नुसता क्रमांक असतो. जवसाची चटणी होती. पाठवणाऱ्यानं लिहिलेलं, शंभर ग्रॅमला चारशे सोडियम. वर पुन्हा 'मीठ मोजून घातलेली' असं छापायचं म्हणे! आणि निघालं किती? अकराशे ऐंशी! सोडियमनं यंत्रातली ज्योत अशी पिवळी धमक पेटली, की मीच हसले."

हर्षलच्या हातातली फोड तोंडाजवळच राहिली.

"...कदाचित चुकून झालं असेल," तो हळूच म्हणाला.

"चुकून तिप्पट? चूक नाही हो ती. खोटारडेपणा आहे सरळ. एखादा रक्तदाबाचा पेशंट विश्वासानं खातो, आणि हे लोक..."

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. उरलेला पेरू त्यानं गाडीवर ठेवून दिला. मिठाचा एक कण त्याच्या बोटाला चिकटला होता, तो त्यानं उगाच बराच वेळ झटकला. "निघतो मी. उशीर झालाय."

उशीर कुठे झाला होता? ऊन अजून गाडीच्या छपरावर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काचेपलीकडे, अहवाल द्यायच्या खिडकीशी, संस्कृतीला तो मफलर दिसला. हर्षलनं पाकीट फोडलं, कागद वाचला, घडी घातली. मग त्यानं वर पाहिलं. दोघांची नजर भेटली... त्याच्या डोळ्यांत राग असता, तर बरं झालं असतं. तिथं नुसती लाज होती. चोरी न करता पकडल्या गेलेल्या माणसाची.

तो वळला आणि निघून गेला. संध्याकाळी गाडीपाशी कोरा पेरू एकटाच होता.

रात्रभर तिच्या कानात स्वतःचाच आवाज घुमत राहिला. खोटारडेपणा. तिनं काढलेला आकडा बरोबर होता, त्याबद्दल शंकाच नव्हती. दोनदा तपासला होता. पण तो आकडा आणि आकडे पुटपुटणारा, अडीचनं गुणणारा, आत्याचं नाव काढताच मऊ होणारा तो माणूस... या दोन गोष्टी एकमेकींजवळ बसत नव्हत्या.

रविवारी सकाळी ती एस.टी.नं बेलापूरला उतरली. स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं, "जवसाची चटणी करतात त्या बाई कुठं राहतात?"

"केशरबाई व्हय? त्या प्रवरेच्या अंगाला, पत्र्याच्या शेडात." त्यानं गाळणी झटकली. "नेहमी अळनी आस्ती वो त्यांची. डाक्टरनं मीठ कमी करायला सांगितल्यापासनं बिघडल्यात त्या. पन मागल्या बारीला... लई झकास झाल्ती! समद्या गावानं बोटं चाटली."

संस्कृती थबकली. मग झपाझप चालू लागली.

शेडमध्ये भाजलेल्या जवसाचा खमंग वास भरला होता. तिघी बायका पाटावर बसून लसूण सोलत होत्या, आणि कोपऱ्यात हर्षल बरण्यांवरची लेबलं ओली करून खरवडून काढत होता. तिला बघताच तो उठला, आणि उठताना पाण्याची बादली लवंडली.

"कोन रं ही पोरगी?" मधल्या, ठसठशीत कुंकवाच्या बाईंनी विचारलं. त्याच केशरबाई.

"आत्या, त्या... लॅबमधल्या मॅडम."

"मॅडम नाही. संस्कृती," ती म्हणाली. वाटेत घोकलेलं सगळं ती विसरली होती. "मी माफी मागायला आलेय. माहिती नसताना मी तुम्हा सगळ्यांना खोटारडे म्हणाले."

हर्षलनं मान खाली घातली. "आकडा तर खराच होता ना?"

"आकडा खरा होता. त्याचा अर्थ मी भलताच लावला. तुम्ही मला आधीच का नाही सांगितलं, नमुना तुमचा आहे म्हणून?"

"सांगितलं असतं, तर ओळख काढल्यासारखं झालं असतं. तुम्हाला अवघड गेलं असतं."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. केशरबाईंनी एकदा भाच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि लसणाचा पाट बाजूला सारला.

"ते राहू दे. पोरगी उपाशी आली आसंल. सत्यशीला, भाकर आन गं."

बाजरीची गरम भाकरी आली, वर चटणी आणि तेलाची धार. संस्कृतीनं घास घेतला. जवस, लसूण, जिऱ्याचा खरपूस वास... मीठ अगदी अलगद, असून नसल्यासारखं. "ही कधीची?"

"कालची."

"आणि आम्हाला पाठवली, त्या घाण्यातलं काही शिल्लक आहे?"

हर्षलनं एक पाकीट दिलं. तिनं चिमूटभर जिभेवर ठेवली. ही चटणी निराळीच होती. इतर कुठल्याही घरची असते तशी, चांगली मिठाची. तिनं पाकीट उलटं केलं, तारीख वाचली आणि मोबाईलवर दिनदर्शिका काढली.

"त्या दिवशी चतुर्थी होती?"

"संकष्टी. हुती की," केशरबाई म्हणाल्या. "त्याचं काय?"

"चटणीत मीठ कोण घालतं?"

"मी. एका घान्याला एक वाटी, मोजून. आन चाखती ही मालनबाई. हिच्या जिभेवर हाय समदं. हिनं मान हालवल्याबिगर पाकीट भरत न्हाई आमी."

"त्या दिवशी चाखली?"

डाव्या बाजूला बसलेल्या मालनबाई एकदम ताठ झाल्या. "त्या दिशी कशी चाखनार? माजा उपास! चंद्र निघल्याबिगर मी पानी बी घेत न्हाई. आमचा तिघींचा बी उपास आस्तो."

मग सत्यशीलाचा, त्या तिघींतल्या धाकटीचा, हात हळूहळू तोंडावर गेला.

"आत्याबाई... आज चाखायला कुनी न्हाई, आन मीठ राहिलं-बिहिलं आसलं तर पंचाईत... म्हनून मी टाकली एक वाटी."

"अगं भवाने! मी टाकली हुती की!"

"मला काय ठावं? तुमी दळनाला गेल्त्या..."

"थांबा," हर्षल म्हणाला. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. "दोन वाट्या झाल्या. म्हणजे आठशे. अकराशे ऐंशी कसं होईल?"

सगळ्यांच्या माना एकदमच मालनबाईंकडे वळल्या. मालनबाई लसणाच्या पाकळीकडे फार मन लावून बघत होत्या.

"मालन," केशरबाई म्हणाल्या.

"मंग काय करू? चाखता ईना! म्हनलं, अळनी जान्यापरीस..."

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. केशरबाई पाट ठोकून हसत होत्या, सत्यशीला पदरात तोंड लपवून हसत होती, आणि मालनबाई "आता हसा, हसा!" म्हणत स्वतःच डोळे पुसत होत्या. हर्षल जवसाच्या पोत्यावर मटकन बसला. किती दिवसांचं ओझं उतरलं, की माणूस असा बसतो. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि हात काढले, तेव्हा तो हसत होता. संस्कृतीला वाटलं, हे हसणं बघायला मी राहुरीहून चालतही आले असते.

"पण पुण्याच्या दुकानाला पाकिटं गेली का?" तिनं धास्तावून विचारलं.

"नाही. अहवाल आल्यावरच पाठवणार होतो. गावातली उरली ती परत आणलीत. ज्यांनी नेली, त्यांच्या घरी आत्या स्वतः जाऊन आली."

"जानार न्हाई तर काय?" केशरबाई म्हणाल्या. "माज्यावानी बीपीवाल्या हायेत चौघी-पाचजनी. इश्वासानं नेत्यात त्या."

सोमवारी सकाळी हर्षल तीन वेगवेगळ्या दिवसांच्या चटण्या घेऊन प्रयोगशाळेत आला. मालनबाईंनी एकूण एक चाखल्या होत्या. तो खिडकीशी अर्ज भरत असतानाच आतलं दार उघडलं आणि संस्कृती मुख्य तपासनिसांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. अजिनाथ सर भले गृहस्थ, पण नियमाला पक्के.

"सर, आज जवसाच्या चटणीचे नमुने येतायत. ते मी तपासणार नाही."

"का बरं?"

"माझा... संबंध आहे. त्या लोकांशी."

अजिनाथ सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "संबंध म्हणजे? नातेवाईक आहेत का?"

खिडकीपलीकडे हर्षलचं पेन थांबलं. संस्कृतीनं ते पाहिलं. खरं सांगायचं, तर आताच. आणि इथं खोटं चालत नाही.

"अजून नाही, सर," ती म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग काचेतून बाहेर, तिथं एका तरुणाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. सरांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "ठीक आहे. मी स्वतः तपासतो. आणि निकाल लागेपर्यंत तू त्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस. समजलं?"

"हो, सर."

निकालाला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत ती जेवली की नाही, कुणास ठाऊक. बंद दारामागे यंत्र सुरू झालेलं तिला ऐकू येई, आणि ज्योतीचा रंग ती मनातल्या मनात बघत बसे. हर्षलचा फोन आला नाही. तिनंही केला नाही. काहीही बोललं, तरी ते निकालाआधी बोलल्यासारखं झालं असतं.

बुधवारी दुपारी अजिनाथ सर बाहेर आले आणि त्यांनी अहवाल खिडकीतून सरकवला. "तीनशे नव्वद, तीनशे त्र्याऐंशी, तीनशे शहाण्णव. तिन्ही चारशेच्या आत. पाकिटावर छापायचा आकडा तोच ना? पाठवा बिनधास्त." आणि जाता जाता, जणू फाईलबद्दलच बोलावं तसं म्हणाले, "संस्कृती, आज अर्धा दिवस रजा घेतलीस तरी चालेल."

अंगणात लिंबाखाली हर्षल उभा होता. दोघं समोरासमोर आले.

"दुकानवाल्यांना अहवालाचा फोटो पाठवला," तो म्हणाला. "लगेच फोन आला. पहिली खेप शनिवारी मागवलीय त्यांनी."

"आणि चाकण?"

"त्यांनाही सांगितलं. येत नाही म्हणून. आबासाहेब दोन दिवस बोलणार नाहीत. मग पुण्याला चटणी जाते म्हटल्यावर तेच गावभर सांगत सुटतील."

तिनं सोडलेला श्वास इतका मोठा होता, की तोही हसला. ती लिंबाच्या पारावर बसली. तोही बसला. थोडं अंतर ठेवून.

"आईला आज सांगावं लागेल मला," ती म्हणाली. "आधी रागवेल. मग विचारेल, मुलगा करतो काय? काय सांगू?"

"सांगा... चटणी करतो."

"एवढंच?"

"खरं तेच आहे." तो थांबला. मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "आणि सांगा, की... प्रेम करतो. तुमच्या मुलीवर."

"हे आईला सांगायचंय, का मला?"

"आधी तुला," हर्षल म्हणाला. पहिल्यांदाच 'तुला' म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

संस्कृतीनं पर्समधून मोबाईल काढला आणि त्याच्यादेखत नंबर लावला. पलीकडे बराच वेळ घंटा वाजत राहिली. आई बहुधा गुरांकडे असेल. मग ओळखीचा, धापा टाकणारा आवाज आला.

"आई," ती म्हणाली, आणि बोलता बोलता पारावरचं ते थोडं अंतर सरकून तिनं मोडून टाकलं, "बसून घे जरा. चांगली बातमी आहे."